प्लास्टरातली आखाजी

आधी नाव लिहिते, मग काय झालं ते. सरूअक्का. धरणगावात, कापसाच्या जिनाच्या मागच्या गल्लीत राहते. नात्यानं ना सासरची, ना माहेरची; आम्ही तिच्या पुढच्या खोलीतले भाडेकरू. आज मी स्वतःच्या पायांवर नळाच्या रांगेत उभी राहते, यात डॉक्टरांचा हात आहे, औषधाचा आहे, देवाचा असेल तर त्याचाही असेल. पण पहिलं नाव तिचं. माझी शाळा पाचवीत सुटली, लिहायला बसलं की मागचं पुढं होतं. म्हणून तेवढं नाव आधी लिहून टाकलं. आता बाकीचं इकडचं तिकडं झालं तरी चालेल.

इथं इचलकरंजीत समोरच्या चिंचेला कालपासून पोरींनी झोका बांधलाय. अक्षय्य तृतीया तोंडावर आलीय, पण त्याचं इथं कुणाला फारसं काही नाही. शाळेला सुट्टी लागली म्हणून झोका. दिवसभर मागांचा खडखडाट चालू असतो, त्यात दुसरं काही ऐकू येऊ नये. तरी दोर फांदीवर घासतो तो करकर आवाज मला बरोबर वेगळा ऐकू येतो. भाकरी थापता थापता हात थांबतो. पाठीच्या मधोमध, टाक्यांचा व्रण आहे तिथं, घाम फुटतो.

"दोर नीट बघितलात का गं?" मी खिडकीतून ओरडते.

"बघितला ओ काकू! सकाळी बघितला, आता परत काय बघायचा!"

पोरी हसतात. मीही हसते. पण त्या उतरून घरी जाईपर्यंत माझं लक्ष तव्यावर नसतं.

लग्न करून मी राजापुराकडून थेट खानदेशात आले. हे धरणगावच्या एका जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, फिटर होते. गाड्या बदलत निघालो, तशी झाडं कमी होत गेली आणि माती काळी होत गेली. पहिल्या सकाळी दार उघडलं तर गल्ली पांढरी. कापसाचा हंगाम होता. बैलगाड्यांची रांग चौकापर्यंत गेलेली, बैलांच्या शिंगांत कापूस, माणसांच्या भुवयांत कापूस. केलेल्या भातावर तंतू, दिव्याच्या काचेवर तंतू. यंत्र सुरू झालं की आमची भिंत थरथरायची, आणि भिंतीला टेकून बसलं की ती थरथर पाठीत उतरायची. पाठ दुखायला लागली तेव्हा मला वाटलं, हे त्या यंत्राचंच आहे. हंगाम संपला की थांबेल.

हंगाम संपला. पाठ थांबली नाही. पावसाळाभर संध्याकाळचा ताप यायचा, आणि पुढच्या हंगामात कापूस पुन्हा उडायला लागला तेव्हा तळव्यांना जमीन कळेनाशी झाली. शेणानं सारवलेल्या अंगणात पाय टाकायचा आणि खाली काय आहे ते डोळ्यांनी बघून ठरवायचं.

सरूअक्का ओट्यावर सरकी निवडत होती. तिनं मला येताना पाहिलं आणि नेहमीसारखी टोचली, "काय व कोकणी, दारू पिईसन चालस का?"

मी हसायला गेले आणि भिंत धरली. अक्काचं हसू तिथंच राहिलं. सूप बाजूला ठेवून ती उठली, माझ्या पायाशी बसली आणि अंगठा दाबला. "हाई समजस का?" मी म्हटलं, थोडं. तिनं नखानं चिमटा घेतला. "आते?" मला चिमटा दिसला, लागला नाही.

मणक्यांचा क्षय निघाला. त्या शब्दानं गल्ली रातोरात लांब गेली. बाया आपली पोरं आमच्या दारावरून उचलून न्यायच्या. अक्कानं एक दिवस चौकात उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "हाडना रोग हवामा उडत नही. डाक्टरनी मले सांगं शे. ज्याले भ्याव वाटस त्यानी आपला दार लावी ल्या." मला खानदेशी तेव्हा अर्धीच समजायची. पण कोण कुणाच्या बाजूनं बोलतंय हे समजायला भाषा लागत नाही.

धुळ्याला न्यायचं तर बसायची मनाई. एसटीत आडवं कोण घेणार? जिनातली रुई दाबून गाठी बांधायला धुळ्याच्या प्रेसला ट्रकनं जायची. यांनी मालकांना विचारलं, आणि मला त्या सुट्या रुईवर निजवून नेलं. वर ताडपत्री, खाली माणूस बुडेल एवढा कापूस. एरंडोल गेलं, पारोळा गेलं, मला एक धक्का लागला नाही. एवढं मऊ अंथरूण जन्मात मिळालं नव्हतं आणि माझे दात भीतीनं वाजत होते. अक्का शेजारी पालथी पडून माझं तोंड रुमालानं झाकत होती, नाकात तंतू जाऊ नयेत म्हणून. स्वतः शिंकत होती.

हाडांचे डॉक्टर उंच, घाईत बोलणारे. रोज सकाळी यायचे, किल्लीच्या टोकानं तळव्यावर रेघ ओढायचे आणि माझ्याकडे न बघता बोटांकडे बघायचे. आधी कितीतरी आठवडे नुसत्या सुया आणि पडून राहणं. मग एका सकाळी त्यांनी खुर्ची ओढली. डॉक्टर बसले की बातमी मोठी असते, हे तोवर मला कळलं होतं.

"दोन मणके किडलेत. किडलेलं साफ करायचं, आणि कमरेच्या हाडाचा तुकडा काढून तिथं बसवायचा. तो धरला की मणके जुळून एक होतील. मग पाय वाचतील."

"आणि नाही धरला तर?" यांनी विचारलं.

डॉक्टर म्हणाले, "धरेल असं समजून चालू या."

यांनी मान खाली घातली. अक्का मात्र पुढं सरकली. "साहेब, मना हाड ल्या ना. जुनं शे, पन कणखर शे. पोरगीनं काबर?"

डॉक्टर पहिल्यांदा हसले. "अक्का, दुसऱ्याचं हाड शरीर धरत नाही. आपलंच लागतं."

"मी काय दुसरी शे?"

वॉर्डातल्या बाया हसल्या. मी उताणी पडून छताकडे बघत होते. धरलं नाही तर. ते वाक्य पालीसारखं छताला चिकटून होतं, डोळे मिटले तरी तिथंच.

तयारी म्हणजे एकेक गोष्ट आडवं राहून शिकणं. पाणी पिणं, जेवणं, खोकणं, आणि जी शिकताना लाजेनं मरावं वाटतं तीही. पाठीवर पिवळं औषध फासलं. ऑपरेशनच्या सकाळी अक्कानं केसांच्या दोन घट्ट वेण्या घातल्या, वर बांधल्या. मग नर्स आली आणि म्हणाली, बांगड्या काढा.

माझ्या हातात लग्नातल्या हिरव्या काचेच्या बांगड्या. मी हात छातीशी धरले. यांच्या देखत, एवढ्या मोठ्या कामाला जाताना मोकळे हात? नर्स तरी काय करणार, तिला वरून हुकूम. ती चिडली, मी रडायला लागले, आणि हे नुसते एकदा इकडे, एकदा तिकडे बघत राहिले. अक्कानं माझा हात घेतला. दुखण्यानं मनगट इतकं बारीक झालं होतं की बांगड्या सहज घसरल्या. त्या तिनं खाली ठेवल्या नाहीत. साबण लावून आपल्या हातात चढवायला लागली. तिचा हात शेतातला, रुंद. बोटांच्या सांध्यांवरची कातडी सोलली, पण एकही फुटू न देता तिनं सगळ्या चढवल्या.

अक्का विधवा. तिच्या हातात कित्येक वर्षांत काच नव्हती. शेजारच्या खाटेवरच्या आजीबाईंनी तोंडाला पदर लावला. "अवो, हे काय करता?"

अक्का म्हणाली, "हातमा राह्यन्यात म्हंजे झालं. हात कोना शे, ते देव बघत नही."

तसंच गाडीवरून मला आत नेलं. दार लागताना शेवटचं दिसलं ते तिचे दोन हात, पांढऱ्या लुगड्यावर हिरवे.

शुद्धीवर आले तेव्हा तहान होती. पाठ नव्हतीच, पाठीच्या जागी विस्तव होता. कुणीतरी लांबून सांगत होतं, अंगठा हलव. मी हलवला असं मला वाटलं. पण हलला की नाही हे मला दिसत नव्हतं. मी बघणाऱ्यांच्या तोंडांकडे बघत होते. डॉक्टरांचं तोंड फडक्यात. यांनी डोळे मिटलेले. मग अक्का म्हणाली, "हालना! हालना व माय!" हालना म्हणजे हलला, हे मला कुणी सांगावं लागलं नाही.

पुढं प्लास्टर. काखेपासून कमरेखालपर्यंत, पोटावर श्वासापुरती एक चौकोनी खिडकी कापलेली. बसायचं नाही, उभं राहायचं नाही, नवं हाड कच्चं आहे, असं दहादा बजावून डॉक्टरांनी घरी सोडलं. जिनाचा हंगाम उठलेला, हे कामासाठी दोंडाईच्याला गेलेले. आठवड्याला एकदा यायचे. मला अक्कानं आपल्या माजघरात घेतलं. सांभाळाल का, असं तिला कुणी विचारलंही नव्हतं.

खानदेशचा उन्हाळा सगळ्यांना वरून लागतो. मला तो आतून लागला. दुपारी गल्लीत कुत्रंसुद्धा नसायचं, पत्रे तडतडायचे, आणि प्लास्टरच्या आत घामाच्या धारा वाट सापडेल तिकडे जायच्या. खाज सुटायची ती अशा जागी की तिथं जगातलं कुणाचंच बोट पोचणार नाही. एकदा आत ढेकूण शिरला. तो कुठून कुठं चालला आहे हे मला दिवसभर कळत होतं आणि मी लहान पोरीसारखी ओरडत होते. अक्का त्या खिडकीतून सुपानं वारा घालायची, ओलं फडकं प्लास्टरला न लावता मानेवर, कपाळावर, तळव्यांवर फिरवायची. तळव्यांवर फडकं गार लागलं की मी मनात म्हणायची, कळतंय, अजून कळतंय. दर खेपेला तीच भीती आणि तीच सुटका.

जेवणावरून भांडणं. मला भात हवा असायचा.

"भात खाईसन हाड कसं जुडी व? हाई कळण्याची भाकर खाय. उडीद शे तिन्हामा."

"अक्का, गिळत नाही ओ मला आडवं."

"दूधमा कुस्करस मी. तोंड उघाड, कोकणी."

मग आखाजी आली. अक्षय्य तृतीयेला तिकडे आखाजी म्हणतात, आणि सासरी गेलेल्या लेकींचा तो सण. गावोगावच्या लेकी माहेरी येतात. घरोघरी आमरस, खापरावरच्या पुरणपोळ्या, आणि निंबाच्या झाडांना झोके. झोक्यावर बसून गाणी म्हणायची, दुसऱ्या गल्लीच्या पोरींना टोमणे मारायचे. अक्काची लेक शकू शिंदखेड्याकडून आली, आली ती हसतच. घर भरलं. मी माजघरात पडून अंगणातला आवाज ऐकत होते. माझं माहेर इतकं लांब की तिथून कुणी न्यायला यावं असं मनात आणणंसुद्धा मी सोडलं होतं. भिंतीकडे तोंड केलं होतं, पण अक्काला पाठीमागूनही कळायचं.

ती बाहेर गेली. बायकांची कुजबुज झाली. मग पाच-सहाजणी आत आल्या आणि माझी खाटच उचलली.

"अहो, काय करताय?"

शकू म्हणाली, "चूप ऱ्हाय. आमनी माय सांगस, आखाजीले अंडेर झोकावर गई नही ते घरले काय शोभा शे?"

अंडेर म्हणजे लेक. मी घाबरून म्हटलं, "डॉक्टरांनी बसू नको म्हणून सांगितलंय!"

"मंग बसू नको ना," अक्का म्हणाली. "निजेलच ऱ्हाय. खाटलेच झोका बांधस आम्ही."

आणि खरंच बांधला. निंबाच्या आडव्या फांदीला दोर टाकून खाटेच्या चारी पायांना. विहिरीवर इंजिन बसल्यापासून मोटेचा जाड नाडा घरात पडून होता, तोच काढला. ज्या दोरानं वर्षानुवर्षं मोट ओढली, त्याला माझं काय ओझं, असं सगळ्यांना वाटलं. मला पण वाटलं. हळूच ढकललं. वरची पानं पुढं गेली, मागं आली. प्लास्टरच्या खिडकीतून वारा आत शिरला. कित्येक महिन्यांत छत सोडून मी काही पाहिलं नव्हतं. बायका गात होत्या, शकूनं गाण्यात माझं नाव घातलं, कोकणच्या दूर देशावरून आलेली लेक म्हणून. मी हसत होते आणि रडत होते आणि तळवे गार होते.

नाडा आतून कुजला होता. बाहेरून एक धागा सुटलेला दिसत नव्हता. पायाकडचा दोर फांदीपाशी तुटला आणि खाट कलंडली. मी घसरले. गाणं मधेच थांबलं. मग खालून एक धक्का बसला आणि खाट हवेतच थांबली. अक्का खाली शिरली होती. पायाकडची बाजू तिनं वाकून पाठीवर घेतली होती, आणि बाया धावून हात लावेपर्यंत ती तशीच होती.

खाली ठेवलं तेव्हा प्लास्टरला कमरेपाशी तडा गेलेला. अक्का माझ्या पायाशी आली. "बोटं हालाव." मी हलवली. "हाई कोनतं बोट?" मी सांगितलं. तिनं दुसरं धरलं. ते कोणतं, मला सांगता येईना. भीतीनं येईना की खरंच कळेना, हेही सांगता येईना. पायांत मुंग्या होत्या, त्याच जुन्या मुंग्या. शकू रडायला लागली तशी अक्का तिच्यावर ओरडली, "रडू नको! ते हाड ऐकी लेई!"

ट्रक आता रुईचे नव्हते. सकाळी चौकात एक केळीचा ट्रक धुळ्याकडे चाललेला मिळाला. ड्रायव्हर तयार होईना.

"बाई, मी माल नेतो. दुखणाईत माणूस नेत नाही. रस्त्यात काही झालं तर?"

"हाई बी केळीनाच माल समज," अक्का म्हणाली. "डाग नही पडू द्यावना. बठ्ठी वाट सावकाश चाल."

ड्रायव्हर खरंच सगळी वाट सावकाश चालला. केळीच्या पानांच्या थरावर मी, आणि पानांचा तो ओला हिरवा वास. प्रत्येक खड्ड्याला अक्का माझ्या पायाची बोटं दाबायची आणि मी न विचारता नाव सांगायची. अंगठा. करंगळी. मधलं. काही बरोबर यायची, काही चुकायची. चुकलं की ती परत दाबायची.

डॉक्टरांनी तडा बघितला आणि माझ्याकडे बघितलं. "काय केलंस?"

"मीच उठायला गेले," मी म्हटलं.

"खोटं बोलस ती," अक्का मागून म्हणाली. "मीच टांगी तिले झाडले."

"झाडाला?"

"आखाजी व्हती ना साहेब. तुम्ही बसू नको सांगं व्हतं. मंग निजाडीसन दिधा झोका."

वॉर्डातली आया तोंड फिरवून हसली. डॉक्टर हसले नाहीत. प्लास्टर कापलं, फोटोच्या यंत्राखाली निजवलं, आणि मग वाट बघणं. उघडी पाठ गार फळीला लागलेली. मी श्वाससुद्धा जपून घेत होते, जणू श्वासानंही काही मोडेल. डॉक्टर ओली फिल्म घेऊन खिडकीपाशी गेले. उजेडात धरली. माझी सगळी हयात त्या एका पाठमोऱ्या माणसाच्या खांद्यांकडे बघण्यात गेली असं मला आजही वाटतं.

"हललं नाही," ते म्हणाले. "धरतंय. ही कडेची धूसर रेघ बघा. नवं हाड येतंय."

अक्कानं डोळे बारीक केले. "मले ते नुसती धुई दिसस."

"तीच. धुईच हवी होती." मग त्यांनी विचारलं, खाट जमिनीवर कशी आपटली नाही. मी सांगितलं. ते अक्काकडे वळले. "तुम्हाला लागलं का कुठे?"

"मले काय व्हस?"

त्यांना पुढचा पेशंट होता. मला नवं प्लास्टर घातलं आणि अक्का खोलीबाहेर पडली. दारातून मला ती दिसत होती, लांबच लांब व्हरांड्यातून भिंतीला हात लावून चाललेली. मधे थांबली. कमरेवर हात ठेवला. परत निघाली. मी हाक मारली नाही. नवं प्लास्टर ओलं होतं आणि मला हलायची मनाई होती.

पोळ्याच्या सुमाराला प्लास्टर कायमचं निघालं. आतून जी निघाली ती पाठ माझी वाटेना, सोललेल्या बटाट्यासारखी पांढरी आणि वास मारणारी. उभी राहिले तेव्हा जमीन लागली. गार, खरबरीत, बैलांच्या पायांनी उखणलेली जमीन. पायाखाली एक खडा होता तो मला टोचला. मी अक्काला म्हटलं, खडा टोचतोय. ती म्हणाली, टोचू दे.

नंतर यांना इकडे मागाच्या कारखान्यात काम मिळालं आणि आम्ही आलो. माझ्या पाठीचा तेवढा भाग आता वाकत नाही; तिथं दोन मणक्यांचा एक झालाय. पाऊस येणार असला की तो सांगतो. कोकणही लांब, खानदेशही लांब. रात्री डोळा लागताना कधी कधी कुठलं घर आठवावं हे ठरत नाही.

गेल्या महिन्यात हे एका मशीनच्या कामाला जळगावला गेले होते, तेव्हा धरणगावात उतरून आले. मी विचारलं, अक्का कशी आहे? हे आधी चहाचं बोलले, शकूच्या पोरांचं बोलले. मग म्हणाले, "वाकून चालते. अगदी जमिनीकडे बघत. मी दारात उभा, तर मला ओळखायला तिला आधी मान तिरपी करावी लागली." ते त्या दिवसापासूनचं की वयाचं? यांनीही विचारलं होतं. अक्का म्हणाली, वयच शे.

असेल वय. माझा विश्वास बसत नाही. माझी पाठ वाकत नाही आणि तिची सरळ होत नाही, एवढं मला माहीत आहे.

अक्का, तुला वाचता येत नाही, शकू वाचून दाखवेल. ऐक. आज माझी पोरं लहान आहेत, हातात काम आहे, मधे अख्खा मुलूख आहे. पण तू खाट धरशील तो दिवस येईल, आणि तू कुणाला कळवायची नाहीस, हेही मला माहीत आहे. शकूला म्हणावं, तिनं कळवायचं. मी येईन. लेकीनं करायचं ते सगळं करीन, आणि तू नको म्हणालीस तर तुझ्यासारखीच ऐकणार नाही. ओझं उचलताना पाठ न वाकवता गुडघ्यात बसून उठायचं, असं डॉक्टरांनी मला शिकवलंय. तशी गुडघ्यात बसेन आणि तुला दोन्ही हातांवर उचलून बाहेर उन्हात आणीन. धुळ्यात जोडलेली ही पाठ तेवढं वजन नक्की घेईल.